पुंजका खरा की योगायोग?

वैद्यकीय व्यवसायात नजरेवर विसंबण्याची सवय फार जुनी आहे आणि ती सर्वस्वी वाईटही नाही. एका आठवड्यात एकाच पाड्यातून एकाच तक्रारीची तीन मुले आली, की अनुभवी डॉक्टरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. अशा शंकेतूनच कित्येक साथी वेळेवर ओळखल्या गेल्या आहेत. परंतु शंका येणे आणि ती सिद्ध होणे यांमधले अंतर आपण पुष्कळदा विसरतो. ‘या पाड्यात रुग्ण जास्त आहेत’ असे आपण बैठकीत सहज बोलून जातो. ‘जास्त’ हा शब्द तुलनेचा आहे. मग तुलना कशाशी केली, हे सांगण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. ही जबाबदारी कशी पार पाडावी आणि आपल्या हवेलीतील मुलांच्या दृष्टीने ती का महत्त्वाची आहे, याविषयी काही विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावेसे वाटतात.

विषय कुष्ठरोगाचा आहे. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, हे निर्मूलनाचे उद्दिष्ट भारताने राष्ट्रीय पातळीवर डिसेंबर २००५ मध्ये गाठले. मार्च २०१२ अखेरीस ते गाठायचे राहिलेले प्रदेश देशात दोनच होते, एक छत्तीसगड आणि दुसरा दादरा आणि नगर हवेली. बालरोगतज्ज्ञाला या रोगाची काळजी वेगळ्या कारणाने वाटते. कुष्ठरोगाचा अधिशयन काळ सरासरी पाच वर्षांचा आणि कधी कधी वीस वर्षांपर्यंतचाही असतो. प्रौढाच्या अंगावर आज दिसणारा चट्टा फार जुन्या संसर्गाचा असू शकतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर बधिर चट्टा आढळला, तर संसर्ग अलीकडचा आहे आणि तो देणारा रुग्ण आसपास कुठेतरी उपचाराविना वावरत आहे, असा त्याचा अर्थ होतो. तो रुग्ण घरात आहे, शेजारी आहे की पाड्यात आणखी कुठे, हा प्रश्न मग केवळ अभ्यासाचा उरत नाही.

या प्रश्नाला आता उपचाराची बाजूही जोडली गेली आहे. बांगलादेशात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांच्या सहवासितांना रिफॅम्पिसिनची एकच मात्रा दिल्यावर पहिल्या दोन वर्षांत नव्या रुग्णांचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले. त्यानंतर हा उपाय प्रत्यक्ष आरोग्यसेवेत राबवता येतो का, हे पाहण्यासाठी सात देशांत जो आंतरराष्ट्रीय उपक्रम झाला, त्यात भारतातून निवडलेला प्रदेश होता आपली दादरा आणि नगर हवेली. २०१५ ते २०१९ या काळात या सात देशांत मिळून १,७४,७८२ सहवासित तपासले गेले, त्यांतील ८१० जणांत नव्याने कुष्ठरोग आढळला आणि १,५१,९२८ जणांना ही मात्रा देण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दोन वर्षांवरील सहवासितांसाठी या उपायाची शिफारस केली. खानवेल, दुधनी, मांदोनी या भागांत घरोघर फिरलेल्या आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे श्रम त्या आकड्यांमागे आहेत, याचा आपल्याला सार्थ अभिमान असावा.

पण ‘सहवासित’ कोणाला म्हणायचे? एका छपराखाली राहणारे तर खरेच. भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी? एका अंगणवाडीतली मुले? पाड्यातील सर्वजण? वर्तुळ लहान ठेवले तर संसर्ग निसटतो. मोठे केले तर मनुष्यबळ अपुरे पडते, प्रत्येकात क्षयाची शक्यता तपासून मगच मात्रा देण्याचे काम वाढते आणि संपूर्ण पाड्यावर ‘रोग्यांचा पाडा’ असा शिक्का बसण्याची भीती राहते. रुग्ण घरात एकवटले आहेत की पाड्यात, हे कळल्याखेरीज वर्तुळाचा आकार ठरवता येत नाही. आणि ‘एकवटले आहेत’ म्हणण्यासाठी निव्वळ योगायोगाने ते किती एकवटले असते, हे आधी माहीत असावे लागते.

हा प्रश्न प्रथम नेमका मांडला गेला तो बालरोगांच्या क्षेत्रातच. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड आणि डरहॅम या परगण्यांतील मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जॉर्ज नॉक्स यांनी केलेला अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५१ ते १९६० या दहा वर्षांत सहा वर्षांखालील ९६ मुलांना हा आजार झाला होता. नॉक्स यांनी मुलांच्या जोड्या मोजल्या. ९६ मुलांच्या एकूण ४,५६० जोड्या होतात. त्यांपैकी एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या जोड्या २५, तर साठ दिवसांच्या आत आजार सुरू झालेल्या मुलांच्या जोड्या १५२. जागा आणि काळ यांचा परस्परांशी काही संबंध नसता, तर दोन्ही दृष्टींनी जवळ असलेल्या जोड्या एकापेक्षाही कमी, म्हणजे ०.८३ अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात त्या पाच निघाल्या.

या हिशेबातील खुबी अशी, की मुलांची वस्ती दाट आहे की विरळ, हे त्यात आपोआप सामावले जाते. नेथन मँटेल यांनी १९६७ मध्ये ही कल्पना अधिक व्यापक केली. त्यांची रीत पत्ते पिसण्यासारखी आहे. सर्व मुलांची घरे नकाशावर आहेत तिथेच ठेवायची, आजाराच्या सर्व तारखाही आहेत त्याच ठेवायच्या, मात्र कोणत्या घराला कोणती तारीख हे चिठ्ठ्या टाकून पुन्हा पुन्हा बदलायचे. प्रत्येक खेपेस जवळच्या जोड्या मोजायच्या. अशा हजार खेपांत खऱ्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा आकडा किती वेळा येतो, यावरून योगायोगाचे बळ कळते. रक्ताच्या कर्करोगाविषयी पुढे अनेक देशांत असे अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. तुलनेची ही रीत मात्र टिकली.

मथितार्थ असा, की योगायोगाचे नमुने तयार करताना काही गोष्टी जशाच्या तशा ठेवाव्या लागतात आणि उरलेल्या तेवढ्या पिसाव्या लागतात. काय ठेवायचे, यावर सारे काही अवलंबून असते. हे एका काल्पनिक गावाच्या उदाहरणाने पाहू. समजा, पाचशे वस्तीच्या गावात कुष्ठरोगाचे दहा रुग्ण आहेत आणि एकाच छपराखालील रुग्णांच्या तीन जोड्या आढळल्या. गावात शंभर घरे, म्हणून प्रत्येक घरात पाच माणसे असे धरून दहा चिठ्ठ्या टाकल्या, तर एका छपराखालील जोड्या सरासरी ०.३६ येतात, तीन किंवा अधिक जोड्या शे-दीडशे खेपांत एखाद्या वेळी. आपण म्हणू, ‘घरगुती संसर्ग उघड आहे.’ आता त्याच गावाची खरी रचना अशी असल्याचे कळले, की नव्वद घरांत तीन-तीन माणसे आहेत आणि उरलेली २३० माणसे दहा चाळींत, प्रत्येक चाळीत तेवीस, अशी राहतात. ही रचना कायम ठेवून चिठ्ठ्या टाकल्यास सरासरी एक जोडी येते आणि तीन किंवा अधिक जोड्या सुमारे दहा खेपांत एकदा येतात. रुग्ण तेच, जोड्याही त्याच. परंतु निष्कर्षातील जोर ओसरला. मसाट, राखोली, सामरवरणी या औद्योगिक भागांतील कामगारांच्या चाळी आणि दुर्गम पाड्यांवरील विखुरलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे उदाहरण दूरचे वाटणार नाही.

घरांपेक्षा नाती अधिक गुंतागुंतीची असतात. कोण कोणाबरोबर खेळतो, कोण कोणाकडे झोपायला जातो, याचे एक जाळेच असते. त्यात काही मुलांचे सोबती दोन, तर काहींचे वीस. योगायोगाचे जाळे तयार करताना ‘कोणीही कोणाचाही सोबती’ असे धरले, तर हा फरक पुसला जातो आणि तुलना फसवी ठरते. यावर एक सोपी युक्ती आहे. मूळ जाळ्यातील दोन दुवे घ्यावेत. समजा, पहिला मुलगा दुसऱ्याचा सोबती आणि तिसरा चौथ्याचा. त्यांची अदलाबदल करून पहिल्याला चौथ्याशी आणि तिसऱ्याला दुसऱ्याशी जोडावे. प्रत्येकाच्या सोबत्यांची संख्या होती तेवढीच राहते, फक्त सोबती बदलतात. कोणी स्वतःचाच सोबती ठरू नये आणि एकच दुवा दोनदा मोजला जाऊ नये, एवढे पथ्य पाळून ही अदलाबदल हजारो वेळा केली, की मूळ जाळ्याशी न्याय्य तुलना करता येईल असे यादृच्छिक जाळे हाती येते. पाड्याबाहेर दुवा जाऊ नये, वयोगट बदलू नये, अशा आणखी अटीही घालता येतात. फार थोड्या अदलाबदली केल्या, तर नवे जाळे मूळ जाळ्याचीच नक्कल राहते, हा धोका ध्यानात ठेवावा लागतो.

या पद्धतीची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १२,०६७ व्यक्तींच्या नात्यागोत्यांचा आणि मैत्रीचा १९७१ ते २००३ या काळातील अभ्यास निकोलस क्रिस्टॅकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. जाळे आणि लठ्ठ व्यक्तींचे प्रमाण तेच ठेवून लठ्ठपणा चिठ्ठ्यांनी वाटला असता जेवढे पुंजके दिसले असते, त्यापेक्षा प्रत्यक्षातील पुंजके मोठे होते. मित्र लठ्ठ झाल्यास आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असा निष्कर्षही त्यांनी मांडला आणि लठ्ठपणा ‘पसरतो’ अशी चर्चा जगभर झाली. पुढच्याच वर्षी इथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर यांनी किशोरवयीनांच्या माहितीला तशाच प्रकारचे गणित लावून मुरुमे, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्रांमध्ये ‘पसरते’ असे दाखवून दिले. मित्राच्या उंचीने कोणाची उंची वाढत नाही, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? एका परिसरात वाढणारी, एकाच वयात येणारी, परस्परांसारखी असल्यामुळेच मैत्री झालेली मुले सारखी दिसणारच.

यावरून घ्यायचा बोध साधा आहे. न्याय्य तुलनेत पुंजका टिकला, तर ‘हा निव्वळ योगायोग दिसत नाही’ एवढेच म्हणता येते. तो संसर्गाने झाला, आनुवंशिकतेने झाला की समान परिस्थितीने, हे वैद्यकाने पुढे शोधायचे असते. सिकल सेलचे रुग्णही घराघरांत एकवटलेले दिसतात. तो संसर्ग आहे असे आपण कधी म्हणत नाही.

आता हवेलीकडे वळू. आपल्याकडील नोंदींवर ही तुलना दोन टप्प्यांत करावी, असे माझे मत आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक पाड्यातील रुग्णांची संख्या, घरांचे आकार आणि माणसांचे वयोगट जसेच्या तसे ठेवून रुग्णत्वाची चिठ्ठी त्याच पाड्यातील त्याच वयोगटाच्या माणसांत फिरवावी. एका घरातील जोड्या तरीही अपेक्षेहून जास्त राहिल्या, तर एकवटणे घराच्या पातळीवर आहे असे समजावे. दुसऱ्या टप्प्यात घरातील रुग्णांना वेगळे न करता अख्खी घरेच, तेवढ्याच आकाराच्या इतर घरांशी, पाड्यापाड्यांत बदलावीत. त्यानंतरही काही पाडे उठून दिसले, तर तिथे घरापुरते थांबून भागणार नाही. संपूर्ण पाड्याची तपासणी आणि प्रतिबंधक मात्रा यांचा विचार करावा लागेल. वर्तुळ कोठे आखायचे, हा सुरुवातीचा प्रश्न अशा रीतीने अनुमानावर न राहता मोजमापावर येतो.

यात एक अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. चिठ्ठ्या फक्त प्रत्यक्ष तपासलेल्या माणसांतच फिरवाव्यात. जिथे शिबिर भरले, जिथे तळमळीची आशा कार्यकर्ती होती, तिथे रुग्ण जास्त सापडतात. जिथे कोणी गेलेच नाही, तो पाडा कागदावर निरोगी राहतो. तपासणीची ही असमानता हिशेबात धरली नाही, तर आपण रोगाचा नकाशा काढत आहोत अशा समजुतीत प्रत्यक्षात स्वतःच्याच दौऱ्यांचा नकाशा काढू.

या कामासाठी नोंदी तशा हव्यात. रुग्णाचे गाव लिहिले जाते. पण पाडा, त्या घरात राहण्यास आल्याचे वर्ष आणि पहिला चट्टा दिसल्याचा अंदाजे काळ या तीन गोष्टीही लिहिल्या गेल्या पाहिजेत. निदानाची तारीख आणि रोगाच्या आरंभाची तारीख यांत वर्षांचे अंतर असू शकते. शिवाय, ज्या घरांत रुग्ण नाही त्या घरांचीही माणसे मोजलेली असावीत, कारण पिसण्यासाठी पूर्ण गड्डी लागते. आणखी एक अडचण आपल्या भूगोलाची आहे. आपल्या वारली आणि कोकणा कुटुंबांचे सोयरसंबंध तलासरी, जव्हार, मोखाड्यापर्यंत पोचलेले आहेत. प्रशासनाची हद्द नात्यांना ठाऊक नसते; नोंदवही मात्र हद्दीशी थांबते आणि जाळ्याचे निम्मे दुवे तिथे तुटतात. पालघर आणि वलसाड जिल्ह्यांतील सहकाऱ्यांबरोबर सामायिक नोंदीची काही व्यवस्था झाल्याखेरीज हे चित्र पूर्ण होणार नाही.

काही सहकारी म्हणतील, ‘एवढ्या गणिताची गरज काय? औषध स्वस्त आहे, सरसकट देऊन टाका.’ या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. घरातील सहवासितांची तपासणी आणि मात्रा यांसाठी कोणत्याही हिशेबाची वाट पाहू नये, हे मलाही मान्य आहे. पण सरसकट देण्याचे ठरले, की ते दुर्गम पाड्यांपर्यंत पोचेपर्यंत उत्साह आणि मनुष्यबळ दोन्ही संपते, हा सार्वजनिक आरोग्याचा नेहमीचा अनुभव आहे. रिफॅम्पिसिन हे क्षयाविरुद्धचेही प्रमुख अस्त्र असल्याने ते विचारपूर्वकच वापरले पाहिजे. शिवाय, ज्याला कोणी कारण सांगितले नाही असा पाडा औषध घेताना साशंक असतो. ‘तुमच्याकडेच का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर हाती असणे, हा त्या माणसांचा हक्क आहे.

दुसरा आक्षेप असा येईल, की हे काम संख्याशास्त्रज्ञांचे आहे. गणना त्यांची आणि संगणकाची, हे खरे. आज साधा संगणकही हजारो खेपा काही मिनिटांत पिसून देतो. परंतु काय स्थिर ठेवायचे आणि काय पिसायचे, हे संगणक सांगू शकत नाही. चाळीत किती माणसे झोपतात, कोणत्या पाड्यावर तपासणी पथक पोचलेच नाही, कोणते कुटुंब नुकतेच स्थलांतर करून आले, ही माहिती आपल्याकडे, आपल्या परिचारिकांकडे आणि आशा कार्यकर्त्यांकडे असते. त्याविना केलेली गणना अचूक असूनही चुकीचे उत्तर देईल. हा निर्णय आकडे पाहण्यापूर्वीच लिहून ठेवावा, हेही आवश्यक. आधी भिंतीवर बाण मारायचा आणि मग त्याभोवती वर्तुळ काढायचे, अशा नेमबाजीत कोणीही निष्णात ठरतो.

समाजातील सुजाण वाचकांनाही एक विनंती आहे. एखाद्या वस्तीत रोग वाढल्याची वार्ता कानी आली, तर ‘किती जणांना तपासले आणि त्यांतले किती रुग्ण?’ एवढे जरूर विचारावे. पाड्याचे नाव घेऊन बोलणे टाळावे. कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो, औषधे विनामूल्य मिळतात आणि उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीत रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही. चुकीने ‘पुंजका’ ठरवलेल्या पाड्यातील मुलींची लग्ने अडतात, मुलांना शाळेत वेगळे बसवले जाते. आणि खरा पुंजका दृष्टीआड झाला, तर आज दंडावर चट्टा असलेल्या मुलाच्या हाताची बोटे काही वर्षांनी वाकडी होऊ शकतात. दोन्ही चुकांची किंमत मुलेच मोजतात.

म्हणून आपल्या मंडळाने या वर्षी एक छोटा संकल्प करावा, असे सुचवतो. आपल्या वैद्यकीय बैठकांत कोणीही ‘इथे रुग्ण एकवटले आहेत’ असे विधान केले, की त्याला नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत: कोणत्या योगायोगाशी तुलना केली आणि ती करताना काय कायम ठेवले? उत्तर तयार असेल, तर त्या पाड्यावर तपासणी पथक घेऊन जाण्यास एक दिवसही उशीर करू नये. नसेल, तर ते मिळवण्यासाठी लागणाऱ्या नोंदींची सुरुवात आपापल्या बाह्यरुग्ण विभागातूनच करावी.